लुरीनचा रविवार

या, पुढे सरकून बसा. अमेरिकेतल्या मेकन गावच्या लुरीनची गंमत सांगतो. हसत घरी जाल.

लुरीन एका स्वस्ताईच्या दुकानात असिस्टंट मॅनेजर. हुद्दा भारदस्त, पगार ठरलेला, जादा तासांचा पैसा नाही, म्हणूनच कामाला ना काठ ना तळ. मालाचा ट्रक आला, बोलवा लुरीनला. गल्ल्यावरची पोरगी आजारी पडली, बोलवा लुरीनला. रविवारसुद्धा तिथंच जायचा.

आणि रविवारी तर तिचे वडील, रेव्हरंड ऑगस्टस, चर्चमध्ये प्रवचन गायचे. बोलता बोलता सूर लागायचा. पण पहिल्या बाकावरून लेकीचा हुंकार आला तरच. आता म्हातारे थकले होते. या रविवारी त्यांचं शेवटचं प्रवचन. "तू नसलीस, तर मी आपला वाचून दाखवीन," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात सरकारचा नवा नियम आला. पगार एका रेषेच्या खाली असेल, तर हुद्दा मॅनेजरचा असला तरी आठवड्याला चाळीस तासांवरच्या कामाला दीडपट पैसे द्यायचे. दुकानाचे मॅनेजर प्रुइट यांना वरून दम मिळाला: लुरीनचे तास चाळिशीच्या आत ठेवा!

शनिवारी तिचे तास भरले. पण सवय वाईट. रविवारी चर्चची टोपी घालूनच ती दुकानात शिरली आणि सूपचे डबे सरळ करू लागली.

"हात लावू नकोस!" प्रुइट धावत आले.

"दोन मिनिटं हो. फुकट करतेय, कुणाला सांगणार नाही."

"तेच चालत नाही, बाई! केलंस की मोजायचं, मोजलं की द्यायचं, दिलं की माझी हजामत! किल्ल्या दे."

"मग एवढी खोकी कोण लावणार?"

"मी."

"तुम्हाला जादा मिळणार?"

"माझा पगार रेषेच्या वर. मला कपाळ मिळणार! नीघ, आणि बापाला माझा नमस्कार सांग."

चर्चमध्ये रेव्हरंड वर्तमानपत्र वाचावं तसं बोलत होते. लुरीननं दारातूनच आवाज चढवला, "हंऽऽ! बोला, बाबा, बोला!"

म्हातारे थांबले. चष्मा काढला. कागद घडी करून खिशात घातला. मग जो सूर लागला, तो लागला! बायकांचे पंखे हातातच राहिले, ऑर्गनवाला घामानं निथळला, आणि लुरीन प्रत्येक ओळीला हुंकार देत रडतही होती, हसतही होती.

जेवणाच्या वेळी तिनं तळलेल्या कोंबडीचं एक ताट दुकानात न्यायला झाकून बाजूला ठेवलं.

तुम्हीही आज प्रार्थनेला बसाल, तेव्हा एकट्यानं खोकी लावणाऱ्या त्या प्रुइटची तेवढी आठवण ठेवा.