शेवटच्या पोत्यातला कोंडा

गिरणीत तांदूळ पॉलिश केल्यावर निघालेला कोंडा काही तासांत भाजला नाही, तर त्यातलं तेल बिघडतं आणि कोंडा खवट होतो. मग त्यातून औषधी द्रव्यं काढायच्या कामाला तो निरुपयोगी. हे ती प्रयोगशाळेत शिकली होती आणि गिरणी चालवणाऱ्या आपल्या बाबांना तिनेच शिकवलं होतं.

"लोक तांदूळ खातात, आमची पोर कोंड्याच्या मागे," असं म्हणत बाबा दर महिन्याला तिच्यासाठी पोतंभर कोंडा मोठ्या कढईत मंद आचेवर भाजायचे. तासभर उभं राहून हलवावं लागे. दुसऱ्या कुणाच्या हातात उलथणं देत नसत.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी घरी फोन केला, "जरा छातीत जळजळतंय. तासाभरात येतो." आले नाहीत. दादा गिरणीत गेला, तर ते खुर्चीत बसलेले होते. गेलेले. तेव्हापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगे, "तासभर शांत बसून होते. उभ्याउभ्या कोसळले नाहीत."

आज सकाळी दादा ते शेवटचं पोतं प्रयोगशाळेत आणून देऊन गेला. "त्या दिवशीचंच आहे, कोपऱ्यात होतं. भाजलंय की नाही, देव जाणे."

रंगावरून कळत नव्हतं. तिने मूठभर कोंडा नाकाशी नेला. गेले तीन आठवडे तिला कशाचाच वास येत नव्हता.

"नाकाचं काय घेऊन बसलीस? आकडा काढ," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

तिने कोंड्यातलं तेल काढलं, त्यात रंग बदलून दाखवणारं द्रव्य घातलं आणि वरून एकेक थेंब क्षार सोडू लागली. बिघडलेलं तेल भरपूर क्षार पितं, मग कुठे गुलाबी होतं. चांगलं तेल लगेच. कोंडा खवट निघावा असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

चौथ्या थेंबाला गुलाबी रंग आला आणि टिकला.

"वा! बाबांचा हात तो बाबांचा हात," मॅडम म्हणाल्या आणि वही तिच्यापुढे सरकवली.

तिने आकडा वहीत लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुपारी दादाचा फोन आला. "काय गं, कामाचा निघाला का?"

फोनमध्ये मागे आई कुणाला तरी सांगत होती, तासभर शांत बसून होते.

"नाही रे. खवट निघाला. भाजलाच नव्हता."

"म्हणजे बसूनच होते."

"हो."

"मग दे टाकून."

"देते."

तिने फोन ठेवला. पन्नास ग्रॅम कोंडा मोजून चंचुपात्रात घेतला, वर अल्कोहोल ओतलं. आता तासभर ढवळायचं होतं. ढवळायचं यंत्र मोकळं होतं.

तिने काचेची कांडी घेतली आणि उभी राहिली.