जाहिरातीतली चौथी ओळ

जगन्नाथरावांनी करंड्याचं झाकण पाव वळसा फिरवलं, उघडलं, आणि कमलिनीबाईंची अंगठी पुन्हा एकदा नाहीशी झाली. त्यांनी तो पितळी करंडा खिडकीशी नेला, उजेडात धरला, कानाशी नेऊन हलवला. खुट्ट म्हणून आवाज नाही. झाकण उलटं फिरवलं तशी अंगठी निमूट परत आली. समोर भाजी निवडत बसलेल्या कमलिनीबाई मान वर न करता म्हणाल्या,

"छान जमलंय की हो भूषणला."

"तू भाजीत लक्ष घाल."

वस्तू जाहिरातीबरहुकूम निघाली की माणसाला बरं वाटावं. जगन्नाथरावांचं तोंड मात्र कडू झालं होतं. झाशीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी जादूच्या सामानाची पारख करण्याचं काम अंगावर घेतलं होतं, कुणी सांगितलं नसताना. ग्वाल्हेरपासून कानपूरपर्यंतचे हौशी जादूगार नवं काही विकत घेण्याआधी त्यांच्या व्हिडिओची वाट बघत. जाहिरात पुढ्यात ठेवायची, एकेक ओळ मोठ्यानं वाचायची, ती वस्तूवर ताडून बघायची आणि म्हणायचं, पास किंवा फेल. भीडमुर्वत नाही. त्यांच्या एका 'फेल'वर कानपूरच्या एका कारागिरानं धंदा गुंडाळला होता आणि ही हकीकत जगन्नाथराव पाहुण्यांना चहाबरोबर चवीनं सांगत. पण खोटा निकाल त्यांनी आजवर कधी दिला नव्हता. मनुष्य खाष्ट होता, दुष्टही म्हणा हवं तर, पण लबाड नव्हता, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

भूषण त्यांच्याच गल्लीतला, झाशीच्या नगरा मोहल्ल्यातला. शाळकरी वयात त्यांच्याकडे हातचलाखी शिकायला यायचा. बोटांच्या फटीतून नाणं दिसलं की जगन्नाथराव फूटपट्टी ओढत, आणि ती चपटी नव्हे, धारेनं. एकदा गणेशोत्सवात भर मंडपात त्याच्या हातून पत्ता पडला, तेव्हा ते माइकवरूनच म्हणाले होते, "हे हात हमालाचे आहेत, जादूगाराचे नाहीत." लोक हसले होते. भूषणही हसला होता. आता तो रेल्वेच्या कचेरीत कारकून होता, संध्याकाळी मागच्या खोलीत लेथवर बसून असल्या वस्तू घडवायचा, आणि यंदा महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचा चिटणीसही झाला होता. भेटला की अजून वाकून पाया पडायचा.

करंड्याबरोबर त्यानं जाहिरातीचा छापील कागद पाठवला होता. इथल्या दुकानांसाठी म्हणून हिंदीत. हाथ की सफ़ाई की ज़रूरत नहीं. चारों तरफ़ से देखिए. दर्शक ख़ुद खोलकर जाँच ले. या तीन ओळी जगन्नाथरावांनी मुकाट्यानं मान्य केल्या. चौथी ओळ होती, काँपते हाथों से भी सौ फ़ीसदी.

ती वाचली तेव्हाच त्यांनी डावा हात मांडीखाली सारला होता.

हात गेली दोन वर्षं कापत होता. त्यांनी तो खिशात ठेवला, रुमालाखाली ठेवला, खुर्चीच्या पाठीमागे ठेवला. गेल्या गणपतीत एक नाणं सुटलं तेव्हा त्यांनी विनोद करून वेळ मारून नेली आणि घरी येऊन न जेवता झोपले. कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आणि आता ही ओळ. म्हणजे त्या हमालानं बघितलं होतं.

"तुमच्यासाठीच केलंय त्यानं," कमलिनीबाई म्हणाल्या. "यंदाही स्टेजवर तुम्हीच उभं राहावं म्हणून. परवा आला होता तेव्हा सांगत होता मला."

"हाताचं तू सांगितलंस त्याला?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंच की."

जगन्नाथराव उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं.

खरी आग आणखी एका गोष्टीनं लागली होती. झाकण फिरवलं की करंड्यातली पातळ पितळी पात अंगठीवर येऊन बसे आणि तीच करंड्याचा रिकामा तळ वाटे. ती पात बसायला बारीकसा हादरा लागायचा. उजव्या, शांत हातात करंडा धरला तर तो मुद्दाम हलवावा लागे. कापऱ्या डाव्या हातात धरला की पात आपोआप बसायची, अलगद, चटकन. ज्या हाताची त्यांना लाज वाटत होती, तोच हात या डबीला मानवत होता. चाळीस वर्षं आरशासमोर उभं राहून कमावलेलं सगळं कुठल्याही लुंग्यासुंग्यानं आता विकत घ्यावं, आणि त्याचा नमुना म्हणून आपण मंडपात उभं राहावं, पाठीमागे चौथी ओळ छापलेला फलक. पास म्हटलं तर हे होणार होतं. झाशीतल्या प्रत्येक मराठी घरात दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला विषय एकच. आणि फेल म्हणायचं तर वस्तूत खोट नव्हती.

तोंडानं खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. हातालाच बोलू द्यायचं.

हे काम सोपं नव्हतं. पातीला भूषणनं अशी कडक स्प्रिंग बसवली होती की ती एकदा सुटली की मध्ये थांबतच नसे. जगन्नाथराव दोन-तीन दिवस दाराआड बसले. उजव्या अंगठ्याचं नख झाकणाच्या कडेतून केसभर आत सारायचं, पात अर्ध्यावर अडवायची, तशीच धरून झाकण उचलायचं. नख जरा हललं की पात निसटून जागेवर बसे आणि जादू होऊन जाई. पण उजवा अंगठा अजून जुन्या इमानाचा होता. तिसऱ्या दिवशी पात जिथे हवी तिथे थांबायला लागली आणि खालून अर्धी अंगठी डोकावायला लागली. एखादी गोष्ट बिघडवण्यासाठी त्यांनी इतकी मेहनत उभ्या जन्मात घेतली नव्हती. त्यांना फार दिवसांनी तरुण वाटलं.

रविवारी दुपारी सदर बाजारातल्या नीरजच्या दुकानात सगळे जमले. खेळणी, भेटवस्तू, वाढदिवसाचं सामान असं मोठं दुकान. जगन्नाथराव पास म्हणाले तर करंडा आपल्या तिन्ही दुकानांत ठेवायचा, असा नीरजनं शब्द दिला होता. त्याची बायको कश्मिरा गल्ल्यावर बसली होती. तिनं लगबगीनं कूलरचं तोंड जगन्नाथरावांकडे फिरवलं, खुर्चीवर उशी ठेवली.

"आराम से बैठिए, काकाजी. इतनी धूप में आए हैं."

भूषण उभाच होता. नवा शर्ट घातला होता. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "काका, पूरा एक साल लावलाय यात. तुम्ही जे म्हणाल ते."

जगन्नाथरावांनी चष्मा लावला, कागद पुढ्यात घेतला.

"सबसे पहले चौथी लाइन," ते म्हणाले.

आणि त्यांनी डावा हात खिशातून काढून काउंटरच्या काचेवर ठेवला. बोटं काचेवर टकटक वाजायला लागली. कश्मिरानं पटकन नजर वळवली. नीरज बघत राहिला. भूषण खालच्या आवाजात म्हणाला, "काका, राहू द्या. ती ओळ कशाला?"

"छापलीस ना? मग तपासायला नको?"

त्यांनी कश्मिराकडे अंगठी मागितली, ती करंड्यात टाकली, कापऱ्या हातात करंडा धरला आणि उजव्या हातानं झाकण फिरवलं. उघडलं. पितळी पातीखालून अर्धी अंगठी लखलखत होती. नुसती जादू फसली नव्हती, करंड्याचं सगळं पोटच उघडं पडलं होतं.

"दिख रही है," कश्मिरा हळूच म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

"एक बार और," नीरज म्हणाला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. करंडा धरलेला हात काचेवर वाजत होता, त्यांनी वाजू दिला. दोन वर्षं जिवापाड लपवलेली गोष्ट त्यांनी चव्हाट्यावर मांडली होती, पण त्या बदल्यात भूषणचं वर्ष मातीत जाणार होतं, आणि हा सौदा त्यांना स्वस्त वाटला. फेल हा शब्द त्यांनी उच्चारलासुद्धा नाही. त्यांनी चष्मा काढला आणि वाट बघत बसले.

नीरजनं त्यांच्या हातातून करंडा काढून घेतला आणि बायकोला दिला.

"तुम करो."

कश्मिरानं अंगठी आत टाकली, कागदावर वाचलं होतं तसं झाकण फिरवलं, करंडा जरासा हलवला, उघडलं. करंडा रिकामा. तिनं डोळे मोठे केले, झाकण लावून उलटं फिरवलं, अंगठी परत. मग नीरजनं केलं. मग पुन्हा तिनं, दुकानाच्या दारात उभं राहून, रस्त्यावरच्या उजेडात. दर वेळी बिनचूक.

"बढ़िया चीज़ है, भूषण भैया," नीरज म्हणाला. "माल भेज दो. बस ये चौथी लाइन कटवा दो. काँपते हाथों का जादू देखने कौन आता है?"

"धीरे बोलिए ना," कश्मिरा पुटपुटली. ते मात्र जगन्नाथरावांना स्वच्छ ऐकू आलं.

भूषणनं करंडा हातात घेऊन झाकण उघडलं, पात बोटानं दाबून बघितली, सोडली. ती चट्कन जागेवर बसली. त्यानं पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. मग त्याची नजर जगन्नाथरावांच्या डाव्या हातावर न जाता उजव्या हातावर गेली आणि अंगठ्यावर बराच वेळ थांबली. लहानपणी फूटपट्टी कुठल्या बाजूनं येणार हे ओळखायला तो असाच बघायचा.

तो त्यांच्या खुर्चीपाशी वाकला आणि मराठीत, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असा बोलला.

"पात मधे थांबत नाही, काका. मी ट्राय केलंय. कितीतरी वेळा. मधे धरायची तर अंगठा कसा पाहिजे. एकदम पक्का. माझ्याच्यानं कधीच नाही झालं."

जगन्नाथरावांना लाज वाटायला हवी होती, पण आधी आली ती खुशी. कुणीतरी ओळखलं होतं. त्या अर्ध्या अंगठीमागचं कसब या एवढ्या मोठ्या झाशीत एका माणसाला कळलं होतं, आणि तो त्यांचाच शिष्य होता. त्यांनी मान वर करून भूषणकडे बघितलं. आता हा सगळ्यांना सांगणार, असं त्यांना वाटलं. सांगू दे, लबाड म्हणू दे, पण हे हात काय करू शकतात ते तरी सांगेल.

भूषण सरळ उभा राहिला आणि नीरजकडे वळला.

"काट दीजिए लाइन, भैया," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ग़लती मेरी थी. मैंने काकाजी को देखकर लिख दी थी. इनके हाथ अब रहे नहीं."

"कोई बात नहीं, उम्र है," नीरज म्हणाला.

"इस बार गणपति में मैं ही कर लूँगा. काकाजी नीचे बैठेंगे. पहली लाइन में कुर्सी लगवा देंगे."

जगन्नाथरावांनी तोंड उघडलं. हात शाबूत आहे म्हणायचं तर तिन्ही वेळा मुद्दाम केलं हे सांगायला हवं होतं, आणि इतक्या वर्षांत एक खोटा निकाल दिला नाही ही फुशारकीही मग गेलीच. त्यांनी तोंड मिटलं. उजवा हात मांडीवर पडला होता, अंगठा निश्चल.

"पानी पीजिए, काकाजी," कश्मिरा म्हणाली. तिनं आतून स्टीलचा पेला भरून आणला होता. जगन्नाथरावांनी तो घ्यायला उजवा हात पुढे केला.

"नहीं नहीं, गिर जाएगा," ती मायेनं म्हणाली. तिनं त्यांचा हात हलकेच परत मांडीवर ठेवला, एका हातानं हनुवटीखाली पदर धरला आणि दुसऱ्या हातानं पेला त्यांच्या ओठांना लावला.

भूषण बघत होता. जगन्नाथराव पाणी प्यायले.