बाबू मेस्त्रींचं लेथ

गौरजा वेंगुर्ल्याला गेली होती ती दाराच्या जुन्या चौकटी बघायला. बाबू मेस्त्री जाऊन आठ वर्षं झाली होती आणि त्यांच्या बायकोनं, तुळसाकाकींनी, बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं सगळं सामान काढायचं ठरवलं होतं. चौकटी वाळवीनं खाल्ल्या होत्या. पण मागच्या पडवीत, नारळाच्या सोलून टाकलेल्या सोडणांच्या ढिगाखाली, ओतीव लोखंडाचा एक कोपरा दिसला. गौरजानं सोडणं बाजूला केली. खाली लाकूड कातायचं लेथ होतं, चांगलं चार फूट लांब. गंजून तांबडं झालेलं, पट्टा कुजलेला, मोटरीत मुंगळ्यांचं घर.

"सोमवारी भंगारवालो येतलो आसा," काकी म्हणाल्या. "तुका त्यातलो एखादो भाग होयो तर घेवन जा."

"भाग नको, काकी. माका आख्खा मशीन होया."

"चलाचा नाय गो ता."

गौरजानं नखानं थोडा गंज खरवडला. लोखंड आतून धड होतं, कुठे तडा नव्हता. तिनं तिथूनच टेम्पोवाल्याला फोन लावला.

वीस वर्षांपूर्वी आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये ती एकटी मुलगी होती. लोखंड कातायला शिकली, कुडाळच्या एका कारखान्यात दोन वर्षं कामही केलं. मग लग्न झालं, काजूची बाग आली, भातशेती आली. टर्नरचं सर्टिफिकेट कपाटातल्या साड्यांखाली राहिलं. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नव्हती. पण कुठे मशीन फिरताना ऐकू आलं की ती दोन मिनिटं थांबायची, हे तिच्या नवऱ्याला, सर्वेशला, ठाऊक होतं. म्हणून टेम्पो अंगणात आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "चलतला मा?"

"चलतला."

सासरे मात्र गप्प बसले नाहीत. धोंडूआबांचं आयुष्य नांगरामागे गेलेलं. लेथ मांगरात, शेतीचं सामान ठेवायच्या कौलारू खोपीत, ठेवल्यावर ते दारात उभे राहिले. "थंय मी खताची पोती ठेवी होतंय. आता ह्या भंगार."

दुसऱ्या दिवसापासून गौरजानं बागेचं काम उरकून रोज दुपारी मांगरात बसायला सुरुवात केली. एकेक भाग सोडवायचा, त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, रॉकेलच्या डब्यात टाकायचा. तारेच्या ब्रशनं घासून घासून तिचे तळवे सोलवटले. लाकडाचं दुसरं टोक धरून ठेवणारा, पुढेमागे सरकणारा भाग जागच्या जागी गच्च बसला होता. त्याच्या फटीत ती सकाळ-संध्याकाळ डिझेल सोडायची आणि लाकडी हातोडीनं हळूच ठोकायची. नवव्या दिवशी तो केसभर हलला. तिनं हातोडी खाली ठेवली, चहा करून घेतला आणि मग पुन्हा ठोकलं. संध्याकाळपर्यंत तो बोटानं सरकत होता.

बेअरिंगं आणि नवा पट्टा सर्वेशनं कुडाळहून आणला. मोटर नव्या तारेनं गुंडाळून आली. पण दोन्ही टोकांचे अणकुचीदार सुळे समोरासमोर आणले तर एकमेकांना भेटेनात, दोन मिलिमीटरचा फरक. अशा मशीनवर काहीही कातलं तरी वाकडंच होणार. गौरजानं लेथचं मोटरीकडचं डोकं पुन्हा उचलून त्याच्या बुडाशी बघितलं. कुणीतरी कधीकाळी जुना रंग न काढताच ते बसवलं होतं. रंगाचे आणि गंजाचे थर तिनं खरवडले, एका बाजूला डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी घातली, आणि मग सुळे टोकाला टोक लावून उभे राहिले.

पहिल्याच लाकडानं तिची जिरवली. लोखंडाच्या लेथवर हत्यार मशीनला घट्ट आवळलेलं असतं. इथे ते आपल्याच हातात. तिनं पटाशी जरा जास्त खुपसली आणि तो तुकडा सुटून वर गेला, एक कौल फोडून खाली आला.

आवाजानं आबा धावत आले. त्यांनी आधी सुनेकडे बघितलं, मग कौलाकडे, मग तो तुकडा उचलून उजेडात धरला.

"लाकूड म्हणजे लोखंड नाय. लाकडाक शीर आसता," ते म्हणाले. "हयसून गेलंस तर ता कापून घेता. उलट्या बाजूनं गेलंस तर तुका मारता."

नांगराचे दांडे तासण्यात गेलेली बोटं लाकडावरून फिरवत त्यांनी तिला शीर, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, दाखवली. त्या दिवसापासून ते दुपारी मांगराच्या उंबऱ्यावर बसू लागले. खताच्या पोत्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

खाऱ्या हवेत लोखंड एका रात्रीत रंग बदलतं. म्हणून काम थांबलं की गौरजा आधी भुसा झाडायची, कारण भुसा ओल धरून ठेवतो. मग तेलाचं फडकं फिरवायची आणि वर जुनं सुती लुगडं टाकायची. प्लास्टिक नाही, प्लास्टिकखाली लोखंडाला घाम येतो. हा नेम तिनं पावसाळ्यातही मोडला नाही. लाटणी, पोळपाटाचे पाय, पाळण्याचे कातीव दांडे असं करत करत हात बसला.

दिवाळीनंतर देवळात सभा झाली. सभामंडपाच्या लाकडी कठड्याचे अकरा खांब कुजले होते. कातीव, कमरेला बारीक, वर कलशासारखे फुगलेले ते खांब कुणी केले हे गावात कुणालाच आठवत नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, असं काम आता मिळत नाही, सगळा कठडा काढून स्टीलचे पाइप बसवू. समितीचे सचिव विश्राम गुरुजी वहीत तसं लिहू लागले.

बायकांच्या रांगेतून गौरजा उभी राहिली. "गुरुजी, लिहायचं जरा थांबा. मला एक जुना खांब द्या. आठ दिवसांत तसाच करून आणते."

"तुला जमेल?" गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, शंका होती.

"जमला नाही तर पाइप आहेतच."

घरी येऊन तिनं जाडी मोजायच्या कॅलिपरनं मापं घेतली. खात्री करायला देवळातले आणखी पाच खांब मोजले, आणि गोंधळली. सहातले कुठलेही दोन सारखे नव्हते. कुणाची मान जाड, कुणाचा कलश बसका. कारखान्यात असा माल तिनं परत पाठवला असता. ती कठड्यासमोर बराच वेळ बसली. मग दहा पावलं मागे गेली आणि तिथून सगळे एकसारखे दिसले. ज्यानं केले त्यानं ते डोळ्यानं केले होते. मोठी मापं तिनं लाकडावर पेन्सिलीनं आखली आणि शेवटचा हात फिरवताना कॅलिपर खिळ्याला अडकवून ठेवला.

लाकूड आबांनी काढून दिलं. चार वर्षांपूर्वी वादळात पडलेल्या फणसाचे ओंडके त्यांनी गोठ्याच्या माळ्यावर जपले होते. कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आता म्हणाले, "चांगला सुकलाला आसा. फुटाचा नाय."

आठव्या दिवशी तिनं पहिला खांब गुरुजींसमोर ठेवला. त्यांनी तो जुन्याशेजारी उभा केला, मागे गेले, पुन्हा जवळ आले, आणि वहीतली पाइपांची ओळ खोडली.

उरलेले दहा एका महिन्यात झाले. बसवायच्या दिवशी समितीतल्या एकानं नाक मुरडलं. जुने खांब काळपट तांबडे आणि हे हळदीसारखे पिवळे, म्हणून तो रंग लावूया म्हणाला.

"रंग नको," गौरजा म्हणाली. "फणस आपणहून तांबूस होतो, दोन-तीन वर्षं लागतील. तोवर दिसू दे की नवे आहेत ते. लपवण्यासारखं काही नाही त्यात."

खांब तसेच पिवळे बसवले गेले.

जत्रेला दूर तोंडवली गावापासून माहेरवाशिणी आल्या, बाहेरगावचे पाहुणे आले. गौरजा ओटीचं ताट घेऊन सभामंडपात शिरली तेव्हा कठड्यापाशी आबा एका अनोळखी माणसाला धरून उभे होते. आबांच्या अंगावर धुतलेलं धोतर, टोपी, आणि हात पिवळ्या खांबावर.

"ह्ये आमच्या सुनेन केल्यान," ते सांगत होते. "मशीन वेंगुर्ल्याचा. आठ वर्सां पडलेला होता. तिना ता पुरा खोलला, साफ केला, परत जोडला. आता माझा ऐक, लाकूड फिरता, हत्यार फिरणा नाय."

मग त्यांनी पट्टा, मोटर, बेअरिंग सगळं समजावलं. निम्मं चुकीचं होतं. बेअरिंग त्यांनी मोटरीच्या पोटात घातलं आणि पट्टा भलत्याच चाकावर चढवला. पाहुणा मान डोलावत होता. गौरजा खांबाआड थांबून सगळं ऐकत राहिली. तिच्या हातातल्या ताटातलं निरांजन विझलं, तरी ती चूक दुरुस्त करायला पुढे गेली नाही.