जांभळा टिपका

जळगाव जामोदहून आणखी तीन चार्जर जळून परत आले, आणि स्नेहलताबाईंच्या मनात पुन्हा शंकेची पाल चुकचुकली. बुलढाण्यात घराच्या मागच्या खोलीत त्या फवारणी पंपांच्या बॅटरीचे चार्जर बनवत. त्याआधी अठरा वर्षं पॉलिटेक्निकात शिकवलेलं, त्यामुळे आपलं गणित चुकू शकतं हे काही त्यांच्या डोक्यात सहसा येत नसे.

तिन्हींत जळलेला भाग एकच, क्लॅम्प डायोड. चार्जरमधला स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. दर वेळी तो बंद झाला की ट्रान्सफॉर्मरमधून विजेचा झटका उसळतो. तो झेलून स्विचला वाचवायचं, एवढंच या डायोडचं काम. झेलताना त्यात किती वीज उष्णता होऊन वाया जाते, याचा अंदाज बाईंनी स्वतः काढला होता. पाव वॅट. एवढ्यानं डायोड कोमट होईल, जळेल कशाला? इथंच घाटावर, देऊळघाटला दिलेले चार्जर तर ठणठणीत होते.

म्हणजे कुणीतरी डायोड बदलत होतं. आणि जळगावला माल पोचवायचा गोकुळ. सहा वर्षं बाईंकडे जोडकाम करणारा, सासुरवाडीही तिकडचीच. चांगले डायोड काढायचे, हलके लावायचे, कोण बघतंय! आता तर तो चहाला नको म्हणाला तरी बाईंना त्यात काहीतरी दिसे.

त्यांनी मुलीची जांभळी नेलपॉलिश आणली आणि पुढच्या वीस डायोडांवर गुपचूप एकेक टिपका दिला. बाटली मीटरच्या खोक्यामागे लपवली. बिनटिपक्याचा डायोड जळून आला, की त्याच दिवशी गोकुळला रामराम. हे त्यांनी पक्कं ठरवून टाकलं होतं.

मेच्या मध्यावर दोन चार्जर आले. बाईंनी घाईघाईनं झाकण उघडलं. डायोड काळाठिक्कर, पण कडेला अर्धा करपलेला जांभळा टिपका. दुसऱ्यातही तसाच. बाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण त्या उलट चिडल्या. चोर सापडला नाही याचाच त्यांना राग आला.

तेवढ्यात गोकुळनं वहीचं एक पान समोर ठेवलं. "ताई, हे पाहून घ्या. सासऱ्याच्या टिनाच्या शेडात चार्जर टांगून असते. तिथं दिवसभर बसून लिहिलं. दुपारी दोनले सत्तेचाळीस अंश. तुम्ही इथं घाटावर थंड्यात मोजता."

"कशावरून खरं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"खोटं वाटत असन तं इथंच करून पाहू."

त्यांनी चार्जर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला, आत शंभराचा बल्ब लावला आणि प्रवाहाची रेघ पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप जोडला. थंड असताना डायोड चटकन बंद व्हायचा. तापल्यावर तो रेंगाळू लागला, आणि तेवढ्या क्षणात प्रवाह त्यातून उलटा वाहू लागला. हा तोटा बाईंनी धरलाच नव्हता. त्यांनी फक्त सुलट प्रवाहाचा धरला होता, तोही डायोडच्या तक्त्यातल्या पंचवीस अंशांना. नव्यानं अंदाज काढला, तर पाव वॅटचा पाऊण झाला. जितका तापे तितका रेंगाळे, आणि रेंगाळला की आणखी तापे.

बाईंनी तो आकडा गोकुळच्या पानाखाली लिहिला. त्यांना मनापासून लाज वाटली.

"लवकर बंद होणारे डायोड मागवते," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती, गोकुळभाऊ."

"हाव," गोकुळ म्हणाला.

आठवड्यानं नवे डायोड आले. गोकुळनं ते टेबलावर ओळीनं मांडले. मग मीटरच्या खोक्यामागे हात घालून त्यानं जांभळी बाटली काढली आणि बाईंसमोर ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जोडणारा मीच न, ताई. पह्यल्याच दिवशी दिसले टिपके. म्हणून तं शेडात जाऊन बसलो."

गोकुळनं बाटलीचं झाकण उघडून दिलं.

"याहीले द्या टिपके. पण आता माह्यासमोर द्या."