ब्रेकरची बारी

मी चुंबक बोलतोय. जरा लांब उभे राहा हं! किल्ल्या, पिना, खिशातला नेलकटर, काहीही जवळ आलं की मी सोडत नाही. खोडच आहे, काय करणार!

जन्म माझा चीनचा. एका स्पीकरच्या पाठीला चिकटून जहाजातून आलो आणि रायपुरात लग्नांच्या वराती गाजवू लागलो. "और बढ़ाओ, और बढ़ाओ" करत एका नवरदेवाच्या मामांनी आवाज इतका वाढवून घेतला, की स्पीकर फाटला आणि मी भंगारात गेलो. गुढियारीच्या भंगारवाल्याकडून कुमुदनं मला उचललं, दोरी बांधली आणि शहराबाहेरच्या उरल्याला आणलं. तेव्हापासून रस्त्याच्या धुळीत फरफटतोय.

उरल्याला लोखंडाचे कारखाने आहेत. कुठल्या कुठल्या देशांतल्या मोडक्या यंत्रांचं भंगार भरून तिथे ट्रक येतात. त्यातले तुकडे रस्त्यावर सांडतात, ते आम्ही धुळीतून ओढून काढतो. सात बाया, सात चुंबकं. कुमुद मूळची गोंदियाकडची, जीभ तिखट. 'बाहेरून सस्तं पोलाद आलं' म्हणत भंगारवाल्यानं भाव उतरवला, की ती माझ्यावरच डाफरते, "तुह्याच गावच्या लोकायनं भाव पाडला ना रे बाप्पा!" मी गुपचूप खिळे गोळा करतो.

या रस्त्यावर ब्रेकर एकच. ट्रक त्यावर आदळला की जे सांडतं, ते बाकी रस्त्यावर दिवसभर फिरूनही मिळायचं नाही. म्हणून तो कोणा एकीचा नाही. दर सोमवारी चहाच्या टपरीवर बाया ठरवतात, या आठवड्यात सगळ्यात जास्त गरज कोणाला? ब्रेकरची बारी तिची. आरडाओरडा होतो, सगळ्यांची दुखणी बाहेर निघतात, पण चहा संपायच्या आत मिटतं.

त्या सोमवारी बारी कुमुदला मिळाली, कारण तिच्या घरावरचे पत्रे वाऱ्यानं उडाले होते. आणि नेमके त्याच दिवशी स्वानंदसाहेब उगवले. कुठल्याशा मोठ्या संस्थेचे अधिकारी, नुकतेच पुण्याहून आलेले. माणूस गोड, पण डोळे कायम मोबाइलात. म्हणाले, "ताई, तुम्ही असंघटित आहात. आम्ही तुम्हाला संघटित करणार."



मग साहेबांनी जी जिथे उभी होती तिथे तिचा फोटो काढला आणि ती जागा तिच्या नावे कायम केली. धुळीपायी सगळ्यांची तोंडं ओढणीत गुंडाळलेली, फोटोत नुसते डोळे आले. चुंबकांवर नंबरांचे स्टिकर लागले. मी क्रमांक एक. ब्रेकर कायमचा कुमुदचा! दुसरी कोणी तिथे दिसली तर दोघींची नोंदणी रद्द, आणि नोंदणी नाही तर रस्ता बंद.

खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. जन्मभर ब्रेकर म्हणजे चैनच की!

पण शनिवारी दीपमालाच्या नवऱ्याचा हात कारखान्याच्या मशीनमध्ये सापडला. दीपमाला कुमुदच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, आमच्या सातजणींतली. सोमवारी टपरीवर चहा येण्याआधीच सगळ्या म्हणाल्या, ब्रेकर दीपमालाला. ब्रेकर मिळाला नसता तर तिच्या घरी चूल पेटली नसती.

कुमुद साहेबांच्या ऑफिसात गेली. "सायेब, थो ब्रेकर माह्या नावानं काहून केला? माही बारी सरली. आता दीपमालाची हाये, तिचा माणूस घरी पडून हाये."

"कुमुदताई, मला मनापासून वाईट वाटतं," साहेब म्हणाले. "पण फॉर्ममध्ये 'गरज' असा रकानाच नाही."

ती परत आली. तोंडावरची ओढणी सोडून तिनं दीपमालाला दिली आणि माझी दोरी तिच्या कमरेला बांधली. "घे वो. सायबाले एक नंबरचं चुंबक ब्रेकरवर पायजे ना? थे तिथंच राहीन."

स्वतः दीपमालाची ओढणी आणि टवका उडालेलं चुंबक घेऊन ती नाल्याकडच्या टोकाला, दीपमालाच्या नावे लागलेल्या जागी गेली. मला फार वाईट वाटलं. जन्मभराच्या ब्रेकरवर मी नाचत होतो आणि ही बाई तो देऊन निघाली. त्या सकाळी माझं लोखंडात लक्ष लागेना.

गुरुवारी साहेब तपासणीला आले. ब्रेकरवर दीपमाला, तोंडाला कुमुदची ओढणी. पकडली गेली असती, तर दोघींची रोजी बुडाली असती. साहेबांनी मोबाइल माझ्या स्टिकरला लावला. टुंग! हिरवी खूण आली.

"व्वा, कुमुदताई, अगदी जागेवर! कसं काय चाललंय?"

दीपमालाला मराठी समजतं, बोलता येत नाही. कशीबशी म्हणाली, "बने हंव, भैया." म्हणजे, बरी आहे.

मी म्हटलं, मेलो आता!

"अरे वा!" साहेब मोबाइलातच टाइप करत म्हणाले. "आठवड्याभरात छत्तीसगढीसुद्धा शिकलात! यालाच म्हणतात क्षमता-विकास." आणि पुढच्या बाईकडे गेले.

त्याला आता सात महिने झाले. दर सोमवारी माझी कंबर बदलते. साहेबांच्या मोबाइलात मात्र कुमुद ब्रेकरवरून एक दिवससुद्धा हललेली नाही. म्हणून तिचा फोटो घेऊन ते परदेशातल्या परिषदांना जाऊन आले. गरिबांना संघटित कसं करावं, ते तिथल्या लोकांना शिकवून आले म्हणे.

साहेब, आमची एवढीच विनंती आहे. तपासणीला जरूर येत जा, चहा आमच्याकडून. फक्त मोबाइलातून मान तेवढी वर करू नका.