सोबत्यासाठी राखलेली पिवळी नळी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी नळी आहे. माझी गोष्ट तुम्हाला कितपत आवडेल, कोण जाणे. पाणबुड्यांच्या साहित्यात सगळ्यात कमी वापरली जाते ती मीच. ज्याच्या अंगावर मी असते, तो सहसा माझ्यातून श्वास घेत नाही. खोल पाण्यात सोबत्याची हवा बंद पडली, तर त्याच्यासाठी मी.

एका कारखान्यात मला घडवलं, टोकाला तोंडात धरायची पिवळी डबी बसवली आणि मी कोसुमेल बेटावर, पाहुण्यांना समुद्राखाली फिरवणाऱ्या नेमेसिओ कानुल यांच्या घरी आले. हवेच्या टाकीच्या तोंडावर एक पितळी ठोकळा बसतो. त्यातून आम्ही चौघी बहिणी निघतो. काळी उजव्या खांद्यावरून मालकाच्या तोंडाशी जाते. मी तिच्याहून लांब. उजव्या काखेखालून येऊन छातीवर थांबते. डावीकडची एक जाकिटात हवा भरते, तर दुसरीच्या टोकाला टाकीतली हवा दाखवणारा काटा असतो. नेमेसिओ आम्हाला अशा बसवत, की कुणी कुणात अडकत नसे, कुणाला पीळ पडत नसे. शेजारच्या होडीवरची माणसं हातातलं काम सोडून बघत राहत.

वाईट दिवसही आले. एका वादळानंतर बेटावर पाहुणेच येईनात. आठ महिने मी गोणपाटात पडून होते. माझ्या डबीत मुंग्यांनी घर केलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण नेमेसिओंनी मला पुन्हा काढलं, उकलून साफ केलं आणि होडीवर नेलं.

त्या होडीवर एक रीत होती. आपलं साहित्य आपण जोडायचं नाही, जोडीदाराचं जोडायचं. नेमेसिओ म्हणत, "स्वतःचं जोडताना माणूस घाई करतो."

त्यांची भाची लुदिविना चौदा वर्षं एका हॉटेलात चादरी धूत होती. तिला पाण्याखाली वाट दाखवणारी व्हायचं होतं. एके दिवशी तिची शेवटची परीक्षा होती. रीतीप्रमाणे तिने मामांचं साहित्य जोडलं. मामा 'हो' म्हणाले तर होडीवर काम मिळणार, नाहीतर सोमवारी पुन्हा चादरी.

"झालं, मामा. बघा, कुठे काही लोंबत नाही."

"पिवळी कुठंय?"

"खिशात. वर चेन लावून टाकली. मागे प्रवाळावर घासली, तेव्हा तुम्हीच केवढे ओरडला होतात!"

होडी चालवणारा तोरिबिओ खो खो हसला. "कुलूपही लाव की, ताई! किल्ली माझ्याकडे ठेव. ज्याला श्वास हवा असेल, तो वर येऊन मागेल."

मामा हसले नाहीत. "डोळे मीट. श्वास रोखून धर. आता काढ तिला."

लुदिविनाने चाचपडत चेन ओढली. ती मधेच अडकली. शेवटी धाप लागून तिने तोंड उघडलं.

"नापास ना?" तिने हळूच विचारलं.

"आधी नीट बसव. मग बघू."

तिने मला खिशातून सोडवलं आणि काखेखालून छातीवर आणलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक कडी कापून मामांच्या जाकिटाच्या पट्ट्यावर चढवली आणि माझी डबी तिच्यात दाबली. आता मी लोंबत नव्हते, पण एका हिसक्यात सुटत होते. डोळे मिटून तिने तीनदा करून पाहिलं. तिच्या हातांकडे बघत बघतच मामांनी तिची टाकी जोडली.

अठरा मीटर खोलीवर, प्रवाळाच्या भिंतीपाशी, लुदिविनाचा श्वास जड झाला. प्रत्येक श्वासाला तिचा काटा खाली पडे आणि पुन्हा वर चढे. मग हवा यायचीच थांबली. तिने हाताने गळा कापल्याची, म्हणजे हवा संपल्याची, खूण केली. तिचा हात मामांच्या छातीवर, सरळ माझ्यावर आला. एक हिसका, आणि मी तिच्या दातांत होते.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यातून कुणी इतका मोठा श्वास घेतला नव्हता. मामांनी एका हाताने तिचा पट्टा धरला, दुसरा तिच्या पाठीमागे नेला आणि तिच्या टाकीची हवा सोडणारी चावी पूर्ण फिरवली. मग दोघं सावकाश वर आली.

होडीवर चढताच मामा म्हणाले, "तोरिबिओ, ऐक. हिची टाकी मी जोडली होती. चावी जेमतेम उघडली होती. वर चाललं, खाली पुरलं नाही. चूक माझी."

"जाऊ द्या की," तोरिबिओ म्हणाला. "कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलंय ना!"

लुदिविनाने तोंडावरचं पाणी पुसलं. "मग सोमवारी मी कुठे जाऊ?"

"इथे ये. पुढे तू, मागे मी. आणि माझी टाकी तूच जोडायची. तुझी मी जोडली, की तू पुन्हा तपासायची."

इतक्या लोकांनी ज्यांचं कौतुक केलं, त्या माणसाला मी त्या दिवशी सगळ्यात मोठं झालेलं पाहिलं.

आता पितळेजवळ माझ्या रबराला भेगा पडल्या आहेत. मी पाण्यात जात नाही. लुदिविना नव्या लोकांना माझ्यावरच शिकवते. मित्रांनो, आम्हा नळ्यांना गोड्या पाण्याने धुवा, घडी घालताना मोडू नका, उन्हात टाकू नका. आणि जी वस्तू दुसऱ्यासाठी राखली आहे, ती त्याच्या हाताला लागेल अशीच ठेवा. ज्याला ती हवी असते, त्याच्याकडे शोधायला वेळ नसतो.