दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा

मित्रांनो, मला एकच एक मालक कधीच नव्हता. मी मालवणच्या किनाऱ्यावरची जुनी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं आहे, आणि रापण काही एका घरात जन्माला येत नाही. १९९८ साली वाडीतल्या प्रत्येक घराने जाळ्याचा एकेक तुकडा विणला. धोंडूचा तुकडा इतका वाकडा होता की बायका हसून लोळल्या. मधली खोळ, जिच्यात शेवटी मासळी गोळा होते, ती लक्ष्मीकाकूंनी विणली. त्या आमचे पुढारी गंगारामकाका यांच्या पत्नी. पुढे दोन पावसाळ्यांत त्या वारल्या. वीण मात्र माझ्या अंगावर राहिली.

होडी मला समुद्रात अर्धगोल सोडत जाई. मग माणसं किनाऱ्यावरून माझ्या दोन्ही दोऱ्या ओढत. मासळी वर आली की वाळूवर तिचे वाटे मांडत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो वाडीतला असो की पाहुणा. काही लबाड पाहुणे नुसतं बोट लावून बांगडे घेऊन जात. लोक हसत, पण देत.

२००२ साली जान्हवी आली. ती खारेपाटणची, मुंबईच्या एका संस्थेत मासळीचा अभ्यास करणारी. माझ्यात सापडलेले मासे ती पट्टीने मोजायची. मासे विकणारी शेवंती तिला ते निवडून द्यायची. पहिल्याच दिवशी जान्हवीने दोरीही ओढली, आणि वाटा समोर आला तेव्हा लाजून नको म्हणाली.

"दोरीक हात लावलंस मा गो? मगे ह्यो वाटो तुझो," गंगारामकाका म्हणाले.

काही वर्षांनी तिचा अभ्यास परदेशी मासिकात छापून आला. आत माझा फोटो होता म्हणे. तिने पेढे पाठवले. मी फुगले, खोटं कशाला बोलू? पण तो फोटो वाडीत कुणीच पाहिला नाही.

मग मोठ्या यांत्रिक होड्या अगदी किनाऱ्याजवळ येऊन जाळी टाकू लागल्या. मी रिकामी वर येऊ लागले. वाडीच्या पोटावरच पाय आला. तक्रारी झाल्या, आणि २००९ साली सुनावणी ठरली. किनाऱ्याजवळ माशांची पिल्लं वाढतात याला छापील पुरावा आणा, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. पुरावा तर जान्हवीच्या अभ्यासात होता, आमच्याच वाळूत तयार झालेला! काकांचा पुतण्या निलेश तो शोधायला मालवणच्या सायबर कॅफेत गेला आणि तोंड पाडून परत आला.

"काका, वरचा नाव तेवढा दिसता. फुडला पान उघडना नाय. पैशे मागता."

"दोरी आमी ओढली, मगे आमचो वाटो खंय?" काकांनी जान्हवीला फोनवर विचारलं.

ती गडबडली. छापायच्या वेळी सगळेच देतात तसे तिनेही आपले हक्क मासिकाला सही करून देऊन टाकले होते. मासळी समुद्राची, मेहनत वाडीची, अभ्यास तिचा आणि किल्ली भलत्याच्याच खिशात. "काका, मी एक प्रत गुपचूप धाडतंय," ती म्हणाली. "पण खंय दाखवू नकात."

"चोरून दिललो वाटो आमका नको गो. वाटो वाळयेर मांडतत, सगळ्यांसमोर."

जान्हवीने मासिकाच्या अटी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या. छापलेली पानं वाटता येत नव्हती. पण छापण्याआधीचं आपलं लिखाण संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवायला मुभा होती. तिने ते फोटोंसकट ठेवलं आणि सोबत मराठीत सारांश लिहिला.

सुनावणी वाळूवरच झाली. निलेश ऐटीत कागद घेऊन उभा राहिला. बघतो तर मोठ्या होड्यांच्या मालकांकडेही तेच कागद! त्यांनी शेवटचं पान वाचून दाखवलं: रापणीच्या खोळीची भोकं बारीक आहेत, तिच्यातही पिल्लं मरतात.

शेवंती उठली. "ता खरा आसा. ती बारकी मासळी मीच निवडून दिललंय तिका."

निलेश काकांवर उखडला. "कशाक उघडा करूक लावलंस?"

"उघडा म्हटला काय ता सगळ्यांक उघडा," काका म्हणाले. बोलताना त्यांचा हात मात्र खोळीवर होता.

निकाल लागला. मोठ्या होड्यांनी किनाऱ्यापासून लांब राहायचं, आणि आम्ही खोळ बदलायची. वाडी वाचली. लक्ष्मीकाकूंची खोळ काकांनी स्वतःच्या हाताने कापली. दुसऱ्या कुणाला सुरी लावू दिली नाही. मला दुखलं नाही, मी जाळं आहे. त्यांना दुखलं.

मित्रांनो, जाळं कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं की उंदीर कुरतडतात. ते उन्हात पसरा. भोकं चारचौघांना दिसतील, तर दिसू देत. मग शिवायलाही चार हात येतात. तुम्ही उद्या शिकाल, काही शोधून काढाल, तेव्हा दोरी कुणी कुणी ओढली होती ते आठवा.

काका आता थकलेत. बाजाराला गेले की ते निलेशला कॅफेत जान्हवीचं ते पान उघडायला लावतात. वाचता त्यांना येत नाही. फोटोत लक्ष्मीकाकूंची खोळ अजून माझ्या अंगावर आहे. ते बघतात, आणि बघायला कुणाला विचारावं लागत नाही.